गावचा फौजी: मान कसा द्यावा, पोरांना भरतीला कधी सांगावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे आहे, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. या गावांच्या नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धात अपशिंग्याचे ४६ जण कामी आले, त्यांच्या नावाने गावात स्तंभ उभा आहे. अशा गावांत फौजीला मान द्यावा का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो कसा द्यावा, हे मात्र ग्रामपंचायती, तरुण मंडळे आणि भरतीच्या वयातल्या मुलांचे आईवडील सारखे विचारतात. त्यांच्या प्रश्नांची ही उत्तरे.

सैनिकालाच वेगळा मान कशासाठी? शेतकरीही राबतो, सफाई कामगारही जीव धोक्यात घालतो.

राबण्यात फरक नाही. गटारात गुदमरून मेलेल्या कामगाराच्या घरी गावातले कुणी फिरकत नाही, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. पण सैनिकाचा मान काढून घेतल्याने ती लाज धुतली जाणार नाही.

फरक आहे तो करारात. शपथ घेतल्यावर जवान आपल्या हक्कांतला मोठा वाटा देशाच्या हवाली करतो. सैन्यदलातल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा राज्यघटनेचे कलम ३३ संसदेला देते आणि १९५० च्या आर्मी ॲक्टने ते मर्यादित केलेले आहेत. जवानाला संघटना काढता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. नोकरी पटली नाही म्हणून राजीनामा ठेवून घरी येता येत नाही. न सांगता आला तर तो गुन्हा ठरतो. सियाचीनचा हुकूम आला की सियाचीनला जायचे. ज्याने स्वतःसाठी भांडायची सोय सोडून दिली आहे, त्याच्यासाठी मागे राहिलेल्यांनी भांडायचे. आमच्या लेखी मान म्हणजे मुख्यतः हेच.

पण तो पगार घेतो, पेन्शनही घेतो.

घेतो, आणि ते त्याच्या हक्काचे आहे. जुन्या पद्धतीने, म्हणजे २०२२ च्या अग्निपथ योजनेआधी, भरती झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या पात्र सेवेनंतर पेन्शन बसते. शिपाई म्हणून निवृत्त होणारा माणूस साधारण चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. त्या वेळी मुले शाळेत असतात, घराचे कर्ज डोक्यावर असते आणि बाहेरच्या नोकरीचा अनुभव शून्य असतो. लष्कराला पलटणी तरुण ठेवाव्या लागतात, म्हणून त्याला लवकर मोकळे करतात. उरलेल्या वीस वर्षांच्या कमाईचा प्रश्न त्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

मान द्यायचा म्हणजे फौजेवर टीका करायचीच नाही का?

असे मुळीच नाही. जवानाचा मान एका जागी, त्याला कुठे, कशासाठी आणि कोणत्या सामानानिशी पाठवले हा प्रश्न दुसऱ्या जागी. फौजेतल्या कितीतरी सुधारणा प्रश्न विचारल्यामुळेच झाल्या. महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांऐवजी निवृत्तीपर्यंतची नेमणूक, देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा आहे, आणि तो अधिकारी महिलांनी लढून मिळवला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असे सर्वसाधारणपणे धरले पाहिजे, हे त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आणि अपंगत्व पेन्शनचे अनेक अडलेले दावे त्यामुळे पुढे सरकले. सैनिकांच्या नोकरी-पेन्शनच्या तक्रारी ऐकणाऱ्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचे खंडपीठ मुंबईतही आहे. तिथे दाद मागणारे बहुतेक जण वर्दीतले किंवा वर्दी उतरवलेलेच असतात.

हा मान सर्व जातींच्या सैनिकांना सारखा मिळाला का?

नाही. मान-सन्मानाच्या भाषणांत हा भाग गाळला जातो, म्हणून इथे जरा सविस्तर.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार पदापर्यंत पोचले होते. पुढे इंग्रजांनी 'लढवय्या जमाती' असा भेद मांडला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस महारांची भरती बंद केली. ज्या घरात तीन पिढ्यांची वर्दी होती, त्या घरातल्या मुलाला रांगेत उभे राहायलाच मनाई झाली. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात.

त्या अर्जांमागे पगार होताच, पण त्याहून मोठी गोष्ट होती. वर्दी घातलेल्या माणसाला गावात मान वर करून चालता येत होते, मुलांना पलटणीच्या शाळेत शिकवता येत होते. सैनिकी सेवेचा मान समाजात खरोखर काय घडवतो, हे समजून घ्यायला हे उदाहरण पुरेसे आहे. म्हणून गावच्या स्तंभावरची यादी तपासा. सगळ्या वाड्या-वस्त्यांतली नावे तिथे आहेत का? राहून गेलेले नाव सापडले तर ते कोरून घ्या.

जवान निवृत्त होऊन येतोय. मिरवणूक काढायची आहे. काय चुकते?

मिरवणूक जरूर काढा. तो उघड्या जीपमधून वेशीतून आत येतो तेव्हा त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिले की खर्चाचे वाटत नाही. चूक होते ती डीजेवर हजारो रुपये घालून दुसऱ्या दिवशी त्याला विसरून जाण्यात. त्याच्या पुढच्या तीन महिन्यांत ही कामे असतात आणि त्यांत गावातला जाणता माणूस सोबत असला तर हेलपाटे वाचतात:

- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, बँक पासबुक, फोटो आणि पत्नी-मुलांची कागदपत्रे न्यायची, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. माजी सैनिकाचे ओळखपत्र इथूनच मिळते आणि पुढची बहुतेक कामे त्यावर चालतात.
- 'स्पर्श' या पेन्शन प्रणालीत लॉगिन सुरू करणे आणि दरवर्षी वेळेत हयातीचा दाखला देणे. दाखला राहिला की पेन्शन थांबते. वयस्क पेन्शनरांच्या बाबतीत हे फार वेळा होते, कारण नोंदलेला मोबाइल नंबर मुलाचा किंवा बंद पडलेला असतो.
- ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड. आजारी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच काढावे.
- नोकरीसाठी नाव नोंदवणे. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २० टक्के.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. रेकॉर्डमध्ये 'पाटील संभाजी', आधारवर 'संभाजी बाळू पाटील', पत्नीचे रेकॉर्डमधले नाव माहेरचे आणि आधारवर सासरचे. मुलाची जन्मतारीख शाळेत एक, पलटणीत दुसरी. लग्न, अपत्यजन्म किंवा नावातला बदल पलटणीला कळवला की 'पार्ट टू ऑर्डर' निघते आणि ती नोंद रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांची सेवापुस्तके सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयात, जाते. ती निघाली नसेल तर कौटुंबिक पेन्शनच्या वेळी पत्नीला आपण पत्नी आहोत हेच सिद्ध करत बसावे लागते. हे काम जवान नोकरीत असतानाच, एका सुट्टीत होते. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीने त्याच आठवड्यात हातात द्यावा. ग्रामसेवकाने फौजीला दिलेला याहून मोठा मान आम्हाला माहीत नाही.

घरपट्टी माफ असते का?

राज्यात आधी शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवांना सवलत होती. २०२० मध्ये ती सर्व माजी सैनिकांपर्यंत वाढवली. ती एकाच घरासाठी असते, राज्यातल्या अधिवासाची अट आहे आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीने माजी सैनिकाच्या अर्जाची वाट पाहत न बसता स्वतः यादी करून दाखले मागवावेत.

जवानाचे पार्थिव गावात येणार आहे. काय पाळायचे?

पार्थिवासोबत पलटणीची किंवा जवळच्या स्टेशनची तुकडी येते. अंत्यविधीची लष्करी बाजू तिचा प्रमुख पाहतो. त्याच्याशी बोलायला घरच्यांनी आणि गावाने मिळून एकच माणूस नेमावा. दहा जण सूचना देऊ लागले की वेळ जातो आणि आई-पत्नीला कुणी विचारत नाही.

जागा आधी ठरवा. सलामीची तुकडी, पुष्पचक्र वाहणारे आणि बिगुलर यांना चौथऱ्यासमोर मोकळी जागा लागते. बंदुकीच्या फैरी झडतात त्या दिशेला माणसे, विजेच्या तारा, घरांची गच्ची नको. 'शोकशस्त्र'चा हुकूम झाला आणि बिगुलवर 'लास्ट पोस्ट' सुरू झाली की घोषणा पूर्ण थांबवाव्यात. हे मंडळाच्या पोरांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, कारण त्या क्षणी कुणी ऐकत नाही.

तिरंग्याची केशरी बाजू डोक्याकडे असते. चितेला अग्नी देण्याआधी किंवा दफनाआधी ध्वज काढून घडी घालतात. तो चितेवर जळत नाही, कबरीत उतरत नाही. ही घडी घातलेली निशाणी कुटुंबाच्या हाती दिली जाते. ती घेणारी व्यक्ती कोण, पत्नी की आई, हे घरच्यांनी शांतपणे आधी ठरवावे. स्मशानात यावरून झालेला वाद पुढे वर्षानुवर्षे मिटत नाही.

एक चूक सर्रास होते. निवृत्त सैनिक म्हातारपणाने वारले की गावकरी प्रेमापोटी पार्थिवावर तिरंगा घालतात. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाचा अंत्यविधी नसेल तर कायद्याने ते चालत नाही. पलटणीच्या रंगाचे वस्त्र, त्यांची पदके उशीवर मांडणे, माजी सैनिकांनी वर्दीची टोपी घालून केलेला सॅल्यूट, यात काहीही उणे नाही.

अपघातात गेलेल्याला 'शहीद' म्हणायचे की नाही?

'शहीद' ही लष्कराच्या कागदावरची संज्ञा नाही. कागदावर दोन वर्ग असतात: 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी'. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना आलेला मृत्यू पहिल्यात, आजार किंवा सुट्टीतला रस्ता अपघात बहुधा दुसऱ्यात. घरच्यांना मिळणारी पेन्शन या वर्गवारीवर आणि मृत्यूचा सेवेशी संबंध किती, यावर ठरते. लढाईतल्या मृत्यूला उदारीकृत कौटुंबिक पेन्शन, म्हणजे शेवटच्या पात्र वेतनाइतकी पूर्ण रक्कम. सेवेमुळे आलेल्या इतर मृत्यूला विशेष कौटुंबिक पेन्शन, त्याच वेतनाच्या ६० टक्के. सेवेशी संबंध नसेल तर साधी, ३० टक्के; तीही सुरुवातीची काही वर्षे ५० टक्के असते. केंद्राचे सानुग्रह अनुदान परिस्थितीनुसार २५ लाख, ३५ लाख किंवा युद्धात ४५ लाख रुपये.

म्हणून फलकावर गावाने काय लिहावे हे गावाने ठरवावे, पण 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी'चा, म्हणजे मृत्यूच्या लष्करी चौकशीचा, निष्कर्ष काय निघाला याची प्रत घरच्यांनी मागितलीच पाहिजे. वर्गवारी चुकली असे वाटले तर अपील करता येते, नंतर ट्रिब्युनलकडेही जाता येते. फलक लावताना सगळे येतात, अपिलाचे कागद लिहून द्यायला कुणी येत नाही. गावातल्या शिक्षकांनी आणि वकिलांनी हे काम उचलावे.

वीरनारीसाठी, म्हणजे जवानाच्या विधवेसाठी, गाव काय करू शकते?

पहिले, पैसे येतात त्या काळात तिच्या आणि पैशांच्या मध्ये कुणी येऊ नये. सासर-माहेरचे वाद इथेच पेटतात. खाते तिच्या एकटीच्या नावावर असावे, मोबाइल नंबर तिचा असावा, कोऱ्या धनादेशावर सही देऊ नये. आईवडिलांचा हक्क वेगळा असतो. तो कागदावर पाहावा, भावकीच्या बैठकीत ठरवू नये.

दुसरे, पुनर्विवाह केला की पेन्शन आपोआप बंद होते, हा समज चुकीचा आहे. अटी पेन्शनच्या प्रकारावर आणि मुलांच्या सांभाळावर ठरतात. 'पेन्शन जाईल' म्हणून पंचविशीतल्या मुलीला अडवून धरणाऱ्यांना आधी रेकॉर्ड ऑफिसचे लेखी उत्तर आणायला सांगावे.

तिसरे हेरवाडकडून शिकावे. सैनिक टाकळी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना तसे परिपत्रक काढले. १५ ऑगस्टला 'वीरपत्नी' म्हणून व्यासपीठावर बसवायचे आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायचे नाही, हे एका गावात एकाच वेळी चालू शकत नाही.

मुलाला अग्निवीर व्हायला सांगावे का?

आकडे समोर ठेवून, त्याला स्वतःला ठरवू द्यावे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा ४ वर्षांची. मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांत त्याचे सुमारे ५.०२ लाख आणि सरकारचे तितकेच मिळून १०.०४ लाख जमतात. व्याज धरून साधारण ११.७१ लाख, करमुक्त. विमा ४८ लाखांचा आणि त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. सेवा बजावताना मृत्यू आल्यास आणखी ४४ लाख सानुग्रह. वर्षाला ३० दिवस सुट्टी.

आता दुसरी बाजू. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणजे चारांतले तीन घरी येणार, हे धरूनच घरच्यांनी बेत आखावा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा जाहीर झालेल्या आहेत, त्यासाठी बारावी हातात असणे बरे. दहावीवर गेलेल्याने सेवेतच बारावीची तजवीज करावी. सेवा निधीचे पैसे आल्यावर पहिले बुलेट किंवा बहिणीचे लग्न आठवते. निम्मी रक्कम तरी मुदत ठेवीत जाईल हे आधी घरात बोलून घ्यावे.

ज्याला जायचे आहे त्याला मनापासून बळ द्या. ज्याला नाही, त्याला घराण्याची परंपरा सांगून ढकलू नका. नाइलाजाने गेलेला मुलगा पलटणीलाही नको असतो.

तयारी कशी करावी? अकादमीत पाठवावे का?

आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदानी चाचणी, मग वैद्यकीय असा क्रम आहे. वर्षभर फक्त पळून लेखीत गळणारी मुले आजही खूप आहेत. जनरल ड्यूटीसाठी, म्हणजे सर्वसाधारण शिपाईपदासाठी, दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. अकादमीची फी भरण्याआधी गुणपत्रिका काढून एवढे पाहा. वयोमर्यादा दर भरतीच्या जाहिरातीत पाहावी. योजनेच्या मूळ घोषणेत ती १७ वर्षे ६ महिने ते २१ होती.

मैदानात १.६ किलोमीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केले की पूर्ण ६० गुण. १० पुलअप्सना ४० गुण. शिवाय ९ फुटांच्या खड्ड्यावरून उडी आणि वाकड्या पट्टीवरचा तोल. अपयश बहुधा तीन ठिकाणी येते. डांबरी रस्त्यावर रोज पूर्ण जोराने पळून नडगी दुखावते. आठवड्यातून दोनच दिवस वेगाचा सराव करावा, बाकी दिवस मातीवर सावकाश. पुलअप्स शेवटच्या महिन्यात सुरू केले की जमत नाहीत. आणि वैद्यकीय चाचणीत कानातला मळ, किडलेले दात, हायड्रोसील, पायाच्या फुगलेल्या शिरा, हातभर गोंदण यावरून मुले बाहेर पडतात. यातले बरेचसे आधी सरकारी दवाखान्यात दाखवून दुरुस्त होते. वेदनाशामक खाऊन किंवा कुणी दिलेले इंजेक्शन टोचून पळणे जिवावर बेतते.

भरतीत पैसे घेऊन काम करून देणारा कुणीही खरा नसतो. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या अकादमीत मुलाला ठेवू नका. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतात. शंका थेट तिथे विचारावी.

मुलींना काय वाटा आहेत?

बारावीनंतर खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), पदवीनंतर अधिकारी होण्याची सीडीएस परीक्षा, लष्करी नर्सिंग, आणि अग्निवीर म्हणून लष्करी पोलीस. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये बाहेर पडली. राज्य शासनाची एनडीएपूर्व प्रशिक्षण संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी आता नाशिकला. दहावीच्या वर्षातच अर्जाकडे लक्ष ठेवावे.

जवान सीमेवर आणि इकडे भावकीने बांध कोरला. काय करता येते?

त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना पत्र पाठवावे. त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. दावा आधीच कोर्टात असेल तर १९२५ च्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्टनुसार, विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धची सुनावणी पुढे ढकलण्याची मागणी करता येते. वकिलालाही कधी कधी हा कायदा आठवून द्यावा लागतो. सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा यांच्या प्रती घरात तयार असू द्या.

सुट्टीवर आलेल्या जवानाशी कसे वागावे?

पलटण कुठे आहे, किती माणसे आहेत, कधी हलणार, हे विचारू नका आणि त्याने ओघात सांगितले तर व्हॉट्सॲपवर टाकू नका. 'किती जणांना मारलंस' हा प्रश्न लहान मुलांनाही विचारू देऊ नका. तो येणार हे कळले की तलाठी, बँक, दवाखाना, शाळा यांची कामे एका कागदावर लिहून ठेवा, ज्या कामांना त्याची सही लागत नाही ती आधीच उरकून घ्या. तीस दिवसांतले दोन दिवस प्रवासातच जातात, कोकणात किंवा मराठवाड्यात आत घर असेल तर चार. उरलेले दिवस त्याला घरी राहू द्या.